सगळ्याच मेथड स्टॅटिक केल्या तर बिघडतं काय?

प्रश्न आधी थोडक्यात सांगतो. मिरजेकडची एक थर्ड इयरची मुलगी जावामध्ये मिनी प्रोजेक्ट करतीय, विषय आहे सांगली मार्केट यार्डातल्या हळदीच्या अडत दुकानाचं बिलिंग. शेतकऱ्याचा माल आला, सौद्यात दर ठरला, वजन झालं की पट्टी, म्हणजे शेतकऱ्याचं बिल, निघाली पाहिजे, एवढंच. तिनं सगळ्या मेथड, म्हणजे क्लासमधली फंक्शन, स्टॅटिक केल्यात (क्लास म्हणजे साचा, ऑब्जेक्ट म्हणजे त्यातनं काढलेली एकेक वस्तू; स्टॅटिक ते क्लासचं, इन्स्टन्स ते एकेका ऑब्जेक्टचं), कारण लॅबमध्ये कुणीतरी सांगितलं की स्टॅटिक केलं की ऑब्जेक्ट बनवायची कटकट नाही. एकच शेतकरी टाकला की पट्टी बरोबर निघते, दोन टाकले की पहिल्याच्या पट्टीवर दुसऱ्याची रक्कम छापून येते. तिचं म्हणणं, "दादा, स्टॅटिक कधी आणि इन्स्टन्स कधी याचा एकच नियम सांगा, आणि सगळं स्टॅटिक केलं तर नक्की बिघडतं काय ते पण सांगा."

नियम पाहिजे तर हा घे. प्रत्येक मेथडकडं बोट दाखवून विचार, ही कुणाच्या पट्टीबद्दल बोलतीय? अमक्या शेतकऱ्याच्या अमक्या लॉटची, असं उत्तर आलं तर ती इन्स्टन्स मेथड. कुणाच्याच नाही, नुसता हिशोब आहे, असं आलं तर स्टॅटिक चालेल. पण तुझं जे बिघडलंय ते मेथड स्टॅटिक केल्यामुळं बिघडलेलं नाही बरं का. मेथडच्या मागोमाग तू व्हेरिएबल पण स्टॅटिक केलीस, घोळ तिथं आहे, आणि या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे कुणी नीट सांगत नाही म्हणून जरा लांबड लावतोय.

हे होतं कसं ते बघ, कारण हे तुझ्या एकटीचं नाही, जावा शिकणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाचं असंच होतं. मेन मेथड स्टॅटिक असते. का, तर प्रोग्राम सुरू होताना जेव्हीएमकडं (जावा प्रोग्राम चालवणारं इंजिन) तुझ्या क्लासचा एकही ऑब्जेक्ट नसतो, त्याला क्लासच्या नावानं थेट हाक मारता येईल अशी एक मेथड पाहिजे असते. म्हणजे पहिल्या दिवसापासून तू स्टॅटिकच्या आत बसूनच कोड लिहितेस. मग मेनमधून निव्वळरक्कम() ला हाक मारलीस की कंपायलर ओरडतो, नॉन-स्टॅटिक मेथड कॅनॉट बी रेफरन्स्ड फ्रॉम अ स्टॅटिक कॉन्टेक्स्ट. एक्लिप्स, म्हणजे आपण कोड लिहितो तो एडिटर, तर त्याच्यावर लगेच उपाय पण पुढं करतं, या मेथडला स्टॅटिक करू का म्हणून, आणि आपण क्लिक करतो. आता निव्वळरक्कम स्टॅटिक झाली, तिच्यात वजन आणि दर वापरलेत, मग तोच एरर वजनावर येतो, तिथं पण क्लिक, मग दरावर, मग पोत्यांच्या संख्येवर, मग शेतकऱ्याच्या नावावर. पाच-सहा क्लिकमध्ये लाल रेघा गेल्या, प्रोग्राम कंपाइल झाला, आणि पट्टी नावाचा तुझा क्लास राहिला फक्त नावाला, आत सगळं ग्लोबल व्हेरिएबलचं गाठोडं. त्या एररचा खरा अर्थ होता, बाई तू कुणाची रक्कम मागतीयस ते सांग, ऑब्जेक्ट दे. आपण ऑब्जेक्ट द्यायच्या ऐवजी प्रश्नच काढून टाकला.

जाता जाता, सप्टेंबर 2025 मध्ये आलेल्या जावा 25 पासून मेन स्टॅटिक असायलाच पाहिजे असं राहिलं नाही. साधी व्हॉइड मेन लिहिली तरी जेव्हीएम स्वतः बिनपॅरामीटरच्या कन्स्ट्रक्टरनं (ऑब्जेक्ट घडवणारा कोड) ऑब्जेक्ट तयार करून ती चालवतं. नवीन शिकणाऱ्यांना पहिल्याच दिवशी हे ओझं नको हा त्यामागचा एक उद्देशच होता. कॉलेजच्या लॅबमध्ये ते पोचायला वेळ लागेल, ती गोष्ट वेगळी.

आता तुझाच कोड जवळून बघू. समजायला सोपं म्हणून देवनागरीत लिहितोय, टाइप करताना कसं करायचं ते तुला माहितीच आहे.

पट्टी प1 = न्यू पट्टी();
प1.वजन = 6.20, प1.दर = 14500;

पट्टी प2 = न्यू पट्टी();
प2.वजन = 8.50, प2.दर = 13800;

प्रिंट(प1.रक्कम());

पहिल्या शेतकऱ्याचा माल 6.20 क्विंटल, दर 14,500, म्हणजे 89,900 रुपये यायला पाहिजेत. दुसऱ्याचा 8.50 क्विंटल, दर 13,800, त्याचे 1,17,300. वजन आणि दर स्टॅटिक असतील तर प1 ला रक्कम विचारल्यावर 1,17,300 येतात. म्हणजे पहिल्याला 27,400 रुपये जास्त, अडत्या रात्रीत रस्त्यावर. झालं काय, तर वजन नावाची जागा मेमरीत एकच आहे, ती पट्टी क्लासची आहे, प1 ची पण नाही आणि प2 ची पण नाही. तू प1.वजन लिहिलंस तरी कंपायलरनं ते मनातल्या मनात पट्टी.वजन असंच वाचलं. प2 ला 8.50 दिलेस तेव्हा 6.20 पुसले गेले. ऑब्जेक्ट दोन बनले, पण दोन्ही रिकामे. वाईट एवढंच की ऑब्जेक्टच्या नावानं स्टॅटिक गोष्टीला हाक मारायला जावा परवानगी देतं, नुसती वॉर्निंग येते, आणि वॉर्निंग वाचतंय कोण. सीशार्पमध्ये हेच लिहिलं तर सरळ कंपाइल एरर येतो, ते बरंय. जावात तर एक गंमत करून बघ, प1 = नल, म्हणजे रिकामं, केलंस आणि प1 वरनं स्टॅटिक मेथडला हाक मारलीस तरी नलपॉइंटर येत नाही, मेथड मस्त चालते, कारण प1 मध्ये काय आहे ते कुणी बघतच नाही, फक्त त्याचा टाइप बघितला जातो.

वजन आणि दरापुढचं स्टॅटिक काढ, रक्कम पुढचं काढ, बाकी एक अक्षर बदलू नको, 89,900 येतील.

आता आत नक्की काय चालतं ते. इन्स्टन्स मेथडला एक लपलेलं पॅरामीटर असतं, धिस. तू प1.रक्कम() लिहितेस तेव्हा खरं तर रक्कम(प1) असं चाललेलं असतं, प1 हा पहिला पॅरामीटर म्हणून गुपचूप आत जातो आणि आत जिथं नुसतं वजन लिहिलंय तिथं धिस.वजन असतं. स्टॅटिक मेथडला हे लपलेलं पॅरामीटर मिळत नाही. फरक एवढाच, बाकी पुस्तकात जे चार-पाच पॉइंट पाठ करायला देतात ते सगळे यातनं आपोआप निघतात. स्टॅटिकमध्ये धिस वापरता येत नाही का, तर आलाच नाही ना तो. इन्स्टन्स व्हेरिएबल का दिसत नाही, तर कुणाचं ते माहिती नाही. पायथनमध्ये हे उघड्यावर आहे, तिथं सेल्फ हातानं लिहावा लागतो आणि मुलं वैतागतात, पण खरं तर पायथननं झाकून ठेवलं नाही एवढंच. तिथं पट्टी.रक्कम(प1) आणि प1.रक्कम() दोन्ही लिहून बघ, सारखंच उत्तर येतं. जावात बघायचं असेल तर जेडीकेबरोबर (जावाचं टूलकिट) जावाप नावाचं, कंपाइल झालेला कोड उघडून दाखवणारं टूल येतं, त्याला हायफन सी लावून तुझ्या क्लासवर चालव. स्टॅटिक हाकेच्या जागी इन्व्होकस्टॅटिक दिसेल, साध्या पब्लिक इन्स्टन्स मेथडच्या जागी इन्व्होकव्हर्च्युअल, आणि त्याच्या आधी ऑब्जेक्टचा रेफरन्स स्टॅकवर ढकललेला दिसेल. अर्धा तास घालव यात, वाया जाणार नाही.

यातनंच दोन गैरसमज निकालात निघतात. एक म्हणजे स्टॅटिक केलं की मेमरी वाचते. लोकांना वाटतं हजार पट्ट्या बनवल्या की रक्कम मेथडच्या हजार कॉप्या होतात. नाही होत. मेथडचा कोड क्लासबरोबर एकदाच लोड होतो, ऑब्जेक्टमध्ये फक्त त्याचा त्याचा डेटा असतो. दुसरा, स्टॅटिक फास्ट असतं. कागदावर हो, कारण कुठली मेथड चालवायची ते आधीच ठरलेलं असतं, शोधायला लागत नाही. पण हॉटस्पॉटचा (नेहमीच्या जेव्हीएमचा) जेआयटी, म्हणजे प्रोग्राम चालू असतानाच काम करणारा, कंपायलर चालता चालता बघतो की या ठिकाणी कायम एकाच क्लासचा ऑब्जेक्ट येतोय आणि ती हाक तो इनलाइन करून टाकतो, म्हणजे मेथडचा कोड तिथंच चिकटवतो, मग फरक उरत नाही. तुझा प्रोग्राम एका डेटाबेस क्वेरीला जेवढा वेळ थांबतो तेवढ्यात असल्या हाका लाखांनी होतात. स्पीडसाठी स्टॅटिक करणाऱ्याला आधी क्वेरीला इंडेक्स लावलाय का ते विचारायचं.

मग स्टॅटिक वापरायचंच नाही का? वापरायचं की, बिनधास्त. तुझ्याच प्रोजेक्टमध्ये किलोचे क्विंटल करणारी मेथड आहे, 620 टाकले की 6.20 द्यायचे, ती कुणाच्याच पट्टीची नाही, सांगलीत असो का निझामाबादला, उत्तर तेच. मॅथ.मॅक्स, इंटिजर.पार्सइंट ही सगळी त्याच जातीची. आत येईल ते पॅरामीटरमधनं, बाहेर जाईल ते रिटर्नमधनं, मध्ये कुणाला धक्का नाही. असल्या मेथडमधली लोकल व्हेरिएबल प्रत्येक हाकेला नवीन असतात, त्यामुळं दहा थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामं) एकदम आले तरी काही होत नाही.

सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे अक्षरी रक्कम. पट्टीवर खाली लिहावं लागतं, अक्षरी रुपये एकोणनव्वद हजार नऊशे फक्त. इंग्रजीचा नेटवर मिळणारा कोड इथं चालत नाही, कारण तिथं वीसनंतर दशक आणि एकक जोडत गेलं की भागतं, आपल्याकडं एकवीस, एकतीस, एक्केचाळीस, एक्कावन्न, प्रत्येकाचं रूप वेगळं, त्यात एकोणतीस, एकोणचाळीस हे पुढच्या दशकाला टेकलेले. म्हणून शून्य ते नव्याण्णवचं अख्खं टेबल हातानं टाइप करायचं, दुसरा मार्ग नाही, आणि पुढं कोटी, लाख, हजार, शंभर असे तुकडे पाडायचे. ही मेथड स्टॅटिक, आणि ते शंभर शब्दांचं टेबल पण स्टॅटिक फायनल. म्हणजे बघ, स्टॅटिक व्हेरिएबल वाईट असं सरसकट पण नाही, जे एकदा भरलं की परत बदलत नाही ते स्टॅटिक असलं तर कुणाचं काय जातंय. फक्त एक भोक आहे, फायनल लावलेला अ‍ॅरे पण आतनं बदलता येतो, फायनल फक्त एवढंच म्हणतं की हे नाव दुसऱ्या अ‍ॅरेकडं वळवता येणार नाही. म्हणून अ‍ॅरे प्रायव्हेट ठेव, नाहीतर जावा 9 पासून लिस्ट.ऑफ आहे, ती लिस्ट बदलायला गेलं की एक्सेप्शन फेकते.

आता जरा नाजूक जागा. हमाली आणि तोलाई. तू केलंयस ते असं, स्टॅटिक फायनल हमालीदर = 9, आणि स्टॅटिक मेथड हमाली(पोती), गुणाकार करून देते. आकडे तुझेच धरतो, 12 पोती गुणिले 9 म्हणजे 108, तोलाई क्विंटलला 10 म्हणजे 62, वजा जाता निव्वळ 89,730. माझ्याच नियमानं बघितलं तर हे स्टॅटिक चालायला पाहिजे, कुणाच्या पट्टीचा संबंध काय, पोती दिली उत्तर मिळालं. पण खऱ्या दुकानात हे सॉफ्टवेअर लावलंस की पुढच्या हंगामात हमालीचा दर वाढतो. तू 9 चे 10 केलेस. मग एक शेतकरी येतो, म्हणतो मागच्या वर्षीची पट्टी हरवली, परत छापून द्या. तू छापतेस आणि हमाली 120 येते, निव्वळ रक्कम बँकेत जमा झालेल्या रकमेशी जुळत नाही. भांडणाला निमित्त तयार. म्हणजे कुणाच्याच नाही असं वाटणारा दर खरं तर कुणाचा तरी होता, त्या हंगामाचा होता. दुसऱ्या अडत्याला तेच सॉफ्टवेअर विकलंस की कळतं तो दुकानाचा पण होता. असल्या वेळी दरपत्रक नावाचा वेगळा क्लास करायचा, त्यात हमालीदर, तोलाईदर, कधीपासून लागू ती तारीख, आणि पट्टी बनवताना ते दरपत्रक कन्स्ट्रक्टरमधनं आत द्यायचं. मग हमाली() ही इन्स्टन्स मेथड होते आणि जुनी पट्टी जुन्याच दरानं छापते. माझ्या बघण्यात स्टॅटिकचा सगळ्यात जास्त त्रास इथंच होतो. पहिल्या वर्षी ते बरोबरच दिसतं, कोड रिव्ह्यूमध्ये कुणी बोट ठेवू शकत नाही, आणि दुसऱ्या वर्षी ते दोनशे ठिकाणी क्लासच्या नावानं हाका मारून वापरलेलं असतं. किलोचे क्विंटल कधी बदलणार नाहीत, दर बदलतात. हा फरक कंपायलरला नाही कळत, यार्डात चार दिवस बसल्यावर कळतो.

(रकमेला डबल (दशांशात बारीक चूक करणारा टाइप) वापरू नको, बिगडेसिमल वापर किंवा सगळी रक्कम रुपयांऐवजी पूर्ण पैशांत ठेव. विषय तो नाही, पण दिसलं म्हणून सांगितलं.)

पुढं वारसा, म्हणजे इनहेरिटन्स, एका क्लासवरनं दुसरा (सबक्लास) काढायचा. तुझ्या सरांनी म्हणे सांगितलंय की बेदाणा पण घाल. बेदाण्याची हमाली पोत्यावर नाही, बॉक्सवर, समजा 15 किलोचा बॉक्स. तू पट्टीतनं बेदाणापट्टी नावाचा सबक्लास काढलास आणि दोन्हीत स्टॅटिक हमाली लिहिलीस. एरर येणार नाही, वॉर्निंग पण येईलच असं नाही. मग एक लिस्ट केलीस, दिवसभराच्या सगळ्या पट्ट्या, हळदीच्या पण आणि बेदाण्याच्या पण, आणि लूप फिरवून प्रत्येकीवर प.हमाली() म्हणालीस. सगळ्यांना हळदीचीच हमाली लागते. कारण प चा लिहिलेला टाइप पट्टी आहे, आणि स्टॅटिक मेथडच्या बाबतीत कंपायलर लिहिलेला टाइप बघून तिथल्या तिथं निर्णय करून मोकळा होतो, आत बेदाणापट्टी बसलीय का दुसरं काय हे चालताना बघितलं जात नाही. इन्स्टन्स मेथड असती तर चालताना खरा ऑब्जेक्ट बघून बेदाण्याची चालली असती. स्टॅटिक मेथडचं ओव्हररायडिंग (वरच्या मेथडची जागा सबक्लासच्या मेथडनं घेणं) होत नाही, सबक्लासमधली मेथड वरचीला फक्त झाकते, ज्याला हायडिंग म्हणतात. पुण्याला फ्रेशरच्या इंटरव्ह्यूत हा प्रश्न ठरलेला, स्टॅटिक मेथड ओव्हरराइड होते का, आणि पोरं नाही म्हणून गप्प बसतात. का नाही ते पण सांग, धिस नसतो म्हणून खरा ऑब्जेक्ट बघायला जागाच नाही, म्हणजे समोरच्याला कळतं पाठ करून आलेली नाही. आणि सवय लाव, ओव्हरराइड करतोय असं वाटलं की वर अ‍ॅट-ओव्हरराइड लिहायचंच. स्टॅटिकवर ते लिहिलं की कंपायलर तिथंच अडवतो.

जावा 8 पासून, म्हणजे 2014 पासून, इंटरफेसमध्ये (क्लासनं कुठल्या मेथड द्यायच्या ते ठरवणारा करार) पण स्टॅटिक मेथड लिहिता येते, ती मात्र इम्प्लिमेंट करणाऱ्या क्लासला वारशानं मिळत नाही, इंटरफेसच्याच नावानं हाक मारायची. एवढं लक्षात ठेवलं तरी बास.

थ्रेडचं आता. तुझा प्रोजेक्ट डेस्कटॉपवर एकट्यानं चालतोय तोवर स्टॅटिकचे निम्मे रोग दिसत नाहीत, वेबवर टाकलास की बाहेर येतात. एका ठिकाणचं बघितलेलं सांगतो, नाव नको. तारीख वाचायला आणि छापायला सिंपलडेटफॉरमॅट हा जावाचा क्लास, आणि तो प्रत्येक वेळी कशाला बनवायचा म्हणून स्टॅटिक फायनल करून ठेवलेला. वर्षभर काही नाही. उन्हाळ्यात हळदीची आवक जोरात, पाच-सहा काउंटरवरनं एकदम पट्ट्या निघायला लागल्या की एखाद्या पट्टीवर भलतीच तारीख, आणि मध्येच नंबरफॉरमॅट एक्सेप्शन, मेसेज काय तर मल्टिपल पॉइंट्स. लोक प्रिंटरला शिव्या देत बसले होते. कारण असं की सिंपलडेटफॉरमॅटच्या पोटात एक कॅलेंडर असतं, तारीख वाचताना आणि छापताना तो तिथं खरडतो, आणि दोन थ्रेड एकाच वेळी त्याच पाटीवर खरडायला लागले की कुणाचं काय ते राहत नाही. फायनल होता, पण फायनलनं आतलं खरडणं थांबत नाही, मघाशी अ‍ॅरेचं सांगितलं तेच. जावा 8 मधला डेटटाइमफॉरमॅटर आतनं बदलतच नाही, तो खुशाल स्टॅटिक ठेव.

पट्टी नंबरचं पण बघ, तू स्टॅटिक काउंटर ठेवलायस आणि पुढचानंबर() या मेथडला सिंक्रोनाइज्ड (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारं कुलूप) लावलंयस. चांगला विचार आहे, पण ती मेथड इन्स्टन्स आहे. इन्स्टन्स मेथडवरचं सिंक्रोनाइज्ड त्या त्या ऑब्जेक्टचं लॉक घेतं. दोन थ्रेड दोन वेगळ्या पट्ट्यांवरनं आले की लॉक दोन, काउंटर एक, दोघं एकदम आत शिरतात आणि दोन शेतकऱ्यांना 418 नंबर मिळू शकतो. मेथड स्टॅटिक केलीस तर लॉक क्लासच्या ऑब्जेक्टवर लागतं, ते सगळ्यांना एकच, मग भागतं. किंवा अ‍ॅटॉमिकइंटिजर घे. पण खरं सांगू का, यातलं काहीच करू नको. स्टॅटिक काउंटर जेव्हीएमबरोबर जन्मतो आणि जेव्हीएमबरोबर मरतो, लाइट गेली आणि सर्व्हर परत चालू झाला की पट्टी नंबर 1 पासून. दोन सर्व्हर लावले तर दोघांचे काउंटर वेगळे. अगदी काटेकोर बोलायचं तर स्टॅटिक व्हेरिएबल जेव्हीएमला एक नसतंच, क्लासलोडरला (क्लास मेमरीत आणणारा भाग) एक असतं, एकाच टॉमकॅट सर्व्हरमध्ये तेच अ‍ॅप दोन नावांनी टाकलं तर दोन काउंटर तयार होतात. नंबर डेटाबेसच्या सिक्वेन्समधनं (पुढचा नंबर देणारी सोय) घे, विषय संपला.

टेस्टिंगचं तू विचारलं नाहीस पण त्याच्याशिवाय हे पूर्ण होत नाही. शेतकऱ्यानं आधी उचल घेतलेली असते आणि ती पट्टीतनं वजा होते, व्याज लावणारे व्याज पण लावतात. तुझी व्याज() मेथड स्टॅटिक आहे, त्यात काही वावगं नाही, पण ती आतमध्ये लोकलडेट.नाऊ() ला हाक मारून आजची तारीख घेते. 50,000 उचल, वर्षाला 12 टक्के, 73 दिवस, सरळव्याज 1,200 रुपये आलं पाहिजे. याची टेस्ट लिही बघू. आज पास होईल, उद्या 74 दिवस झाले की फेल. गुन्हा व्याज() चा नाही, तिच्या पोटातनं जी दुसरी स्टॅटिक हाक गेलीय तिचा आहे, कारण ती बाहेरनं बदलता येत नाही, कोडमध्ये खिळा मारल्यासारखी बसते. तारीख पॅरामीटरमधनं आत दे, मेथड परत शुद्ध गणित झाली, स्टॅटिक राहू दे. मोठ्या ठिकाणी जावाचा क्लॉक नावाचा ऑब्जेक्ट आत देतात, टेस्टमध्ये थांबलेलं घड्याळ देता येतं. मॉकिटो या टेस्टिंगच्या लायब्ररीमध्ये 2020 मधल्या 3.4.0 पासून स्टॅटिक मेथड मॉक करायची, म्हणजे टेस्टपुरती खोटी मेथड बसवायची, सोय आहे, त्याच्या आधी पॉवरमॉक लावायला लागायचं, पण माझ्या मते ती सोय दुसऱ्याचा जुना कोड गळ्यात पडला तर वापरायची. स्वतःच्या नवीन कोडला ती लागायला लागली तर डिझाइन बघायचं. डेटाबेस, फाइल, नेटवर्क, घड्याळ, प्रिंटर, यांच्याशी बोलणारी मेथड मी स्टॅटिक करत नाही, मग ती कुणाच्याच पट्टीची नसली तरी. एवढा एक अपवाद माझ्या नियमाला जोडून घे.

स्टॅटिकचा अजून एक चांगला उपयोग म्हणजे ऑब्जेक्ट बनवून देणारी मेथड, लोकलडेट.ऑफ सारखी. कन्स्ट्रक्टरला नाव देता येत नाही, पट्टी.हळदीची(...) आणि पट्टी.बेदाण्याची(...) अशा दोन स्टॅटिक मेथड असल्या की वाचणाऱ्याला लगेच कळतं, आणि आतनं सबक्लासचा ऑब्जेक्ट परत दिला तरी बाहेर कुणाला पत्ता लागत नाही. पायथनमध्ये यासाठी क्लासमेथड वापरतात, तिला सेल्फच्या जागी क्लास मिळतो, त्यामुळं सबक्लासवरनं हाक मारली की सबक्लासचाच ऑब्जेक्ट बनतो. तिथल्या स्टॅटिकमेथडला काहीच मिळत नाही. पायथनवाल्या मैत्रिणीशी बोलताना हे दोन एक समजू नको, जावाच्या डोक्यानं बघितलं की सारखेच वाटतात. आणि पायथनमध्ये क्लासच्या बाहेर साधं फंक्शन लिहिता येतं, तेव्हा स्टॅटिकमेथड फारशी लागतच नाही. कॉटलिन या भाषेनं तर स्टॅटिक हा कीवर्डच ठेवला नाही, बाहेरचं फंक्शन लिही नाहीतर कंपॅनियन ऑब्जेक्ट (क्लासबरोबर येणारा एकच ऑब्जेक्ट) वापर. पीएचपीमध्ये पूर्वी इन्स्टन्स मेथडला क्लासच्या नावानं हाक मारली तरी खपून जायचं, 8.0 पासून सरळ एरर येतो.

आता तुझ्या प्रोजेक्टला हात कसा लावायचा ते. आधी एक कॉपी काढून ठेव, गिट वापरत असशील तर कमिट कर. मग मेथडला हात न लावता फक्त व्हेरिएबलच्या पुढचं स्टॅटिक काढ, अक्षरी टेबल आणि हमालीदरासारखे फायनल सोडून सगळ्यांचं. भरमसाट एरर येतील, घाबरू नको, ती यादीच तुझं काम आहे. ज्या मेथडमध्ये एरर आला ती पट्टीबद्दल बोलत होती, तिचं स्टॅटिक काढ. जिच्यात आला नाही ती बहुतेक खरंच स्टॅटिक आहे, तिला तशीच राहू दे. काही मेथड अर्ध्या अर्ध्या निघतील, वजन स्वतःचं वापरतात आणि बरोबर क्विंटलचं गणित पण करतात, त्यांचे दोन तुकडे कर. एक्लिप्सनं परत स्टॅटिक करू का विचारलं तर नाही म्हण. शेवटी एरर फक्त मेनमध्ये उरतील, तिथं न्यू पट्टी करून त्या ऑब्जेक्टवर हाका मार. हमालीचा दर यात सापडणार नाही, कारण तो फायनल आहे आणि तो स्टॅटिक ठेवला तरी कंपायलर काही बोलत नाही, तो तू स्वतः उचलून दरपत्रकात टाक. छपाईचं सगळं पट्टी क्लासमधनं बाहेर काढून वेगळ्या क्लासमध्ये ने, आत्ता रक्कम काढायच्या मेथडमध्येच सिस्टिम.आउट (स्क्रीनवर छापायची हाक) आहे, बेदाणा घालताना ते अडवणार तुला.